जस्त झिजते, तांबे वाचते

मालवणच्या खाऱ्या हवेत खिळ्याला गंज चढायला वेळ लागत नाही. समुद्रापासून धातू कसा वाचवायचा, याचा उपाय सर हम्फ्री डेव्ही यांनी शोधला. इंग्लंडमधील पेन्झान्स या बंदरगावी १७७८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारल्याने ते एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागले. पुढे नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून त्यांनी त्याचा वेदनाशामक गुण ओळखला. १८०७ मध्ये विजेच्या साह्याने सोडियम आणि पोटॅशियम वेगळे केले.

लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचावासाठी ब्रिटिश आरमार जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत असे. पण खारे पाणी ते पत्रेच खाई. १८२४ मध्ये डेव्हींनी पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. इलेक्ट्रॉन गमावणाऱ्याचे ऑक्सिडीकरण होते, स्वीकारणाऱ्याचे क्षपण. येथे ऑक्सिडीकरण जस्ताचे, क्षपण पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे. तांबे इलेक्ट्रॉनना फक्त वाट देते आणि शाबूत राहते. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा ७३ वर्षे दूर होता.

कोचीनला बांधलेल्या ‘समारंग’ जहाजावर लोखंडाने तांबे टिकवले. पण विरघळणारे तांबेच शेवाळ आणि शिंपल्यांना दूर ठेवत होते. ते विरघळेनासे होताच तळ शिंपल्यांनी माखले, वेग मंदावला. आरमाराने तुकडे काढले, डेव्हींवर टीका झाली. १८२६ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. १८२९ मध्ये जिनिव्हात, पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तत्त्व मात्र टिकले. आज लोखंडी बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. शेवाळासाठी वेगळा रंग देतात. ठोकळा झिजलेला दिसला, तर त्याने काम चोख केले असे समजावे आणि नवा बसवावा.