वाक्य उलगडून दाखवणारे शिक्षक : गोपाळ गणेश आगरकर

इ. स. १८८८ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांच्या लेखणीतून दोन गोष्टी बाहेर पडल्या. ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे व्याकरणविषयक पुस्तक ही पहिली, आणि त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबरला सुरू झालेले ‘सुधारक’ हे साप्ताहिक ही दुसरी. सुधारकाची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. पुस्तकाची आठवण मात्र व्याकरणाच्या अभ्यासकांपुरती उरली. वास्तविक दोहोंमागे एकच शिक्षक उभा होता, आणि दोन्हीकडे तो एकच काम करीत होता.

हा शिक्षक घडला तो मोठ्या ओढग्रस्तीत. १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी त्यांचा जन्म झाला. घरी दारिद्र्य, म्हणून शिक्षण आजोळी, कऱ्हाडास. मध्येच कचेरीत उमेदवारी करावी लागली. शिकण्यासाठी पायी रत्नागिरी गाठली, पण तेथेही सोय लागली नाही. अखेर अकोल्यास नातेवाइकांचा आधार मिळाला आणि १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले. अकोल्याचे हेडमास्तर विष्णु मोरेश्वर महाजनी यांची नजर या मुलावर पडली नसती तर पुढचे काहीच घडले नसते. ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहिण्याचा पहिला सरावही अकोल्यातलाच. पुढे डेक्कन कॉलेजात एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालण्याची त्यांची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल.

एम.ए.च्या सुमारास त्यांनी आईला लिहिलेले पत्र मराठीतील व्यक्तिगत लेखनाचा एक अस्सल नमुना आहे. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी धरील आणि घराचे पांग फिटतील, ही आईची आशा त्यांना ठाऊक होती. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ परहितात घालवण्याचा आपला निश्चय त्यांनी तिला कळवला. एवढी कठीण गोष्ट सांगताना त्यांनी ना आवेश आणला, ना क्षमायाचनेचा सूर लावला. ज्या माउलीला ते वाचून दाखवले जाणार होते तिला समजेल, इतक्या सरळ भाषेत पत्र लिहिले.

१ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. पुढच्या वर्षी, एम.ए. होऊन, आगरकर तेथे शिकवू लागले आणि त्याच जानेवारीत निघालेल्या ‘केसरी’चे संपादकही झाले. सकाळी वर्ग आणि रात्री मजकूर असा तो काळ होता. कोल्हापूरच्या महाराजांच्या प्रकरणातील लेखनावरून दिवाण बर्वे यांच्या अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळकांसह त्यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. त्यातून ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे लहानसे पुस्तक आले. तुरुंगवासाचे भांडवल करण्याची संधी असताना त्यांनी लिहिले ते कोठडी, जेवण, ढेकूण-डास आणि रात्री-अपरात्री टिळकांशी चाललेल्या वादांविषयी. हे वाद इतक्या चढ्या आवाजात चालत, की पहारेकऱ्याला येऊन दोघांना गप्प करावे लागे. स्वतःकडे थोडे हसून पाहता आल्यावाचून असे लिहिता येत नाही.

शाळेतील मुलांनी त्यांच्याकडून काय घेतले, याचे उत्तर हरि नारायण आपटे यांच्या विद्यार्थिदशेत सापडते. न्यू इंग्लिश स्कूलच्या या विद्यार्थ्याने १८८२ मध्ये चिपळूणकर वारले तेव्हा ‘शिष्यजनविलाप’ ही कविता लिहिली. पुढे आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्यावर सत्तरएक पानांचे परीक्षण ‘निबंधचंद्रिके’त लिहिणारे आपटे हेच. एका गुरूवर शोककाव्य आणि दुसऱ्या गुरूच्या पुस्तकाची सविस्तर चिकित्सा! ज्या शाळेत शिक्षकाचे वाक्यही तपासून पाहण्यास मुले धजतात, तेथे निबंधाच्या तासाला निराळी जाहिरात लागत नाही.

आता ‘वाक्यमीमांसे’कडे वळावे. त्या काळी हायस्कुलात मराठीला दुय्यम मान होता. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत तर तिला स्थान नव्हते, आणि ते परत मिळवण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना दीर्घकाळ खटपट करावी लागली. दादोबा पांडुरंगांपासून चालत आलेल्या मराठी व्याकरणात भर शब्दांवर, म्हणजे जाती, विभक्ती आणि काळ यांवर होता. आगरकरांनी सबंध वाक्य समोर घेतले. त्यात कोणाविषयी बोलले जाते, काय सांगितले जाते, कोणते पोटवाक्य कोणावर टेकलेले आहे, हे सोडवून पाहण्याची रीत त्यांनी मराठीत पद्धतशीर मांडली. उद्देश्य, विधेय आणि त्यांचे विस्तार यांचे तक्ते पाटीवर आखणाऱ्या पिढ्यांनी या रीतीचा कंटाळाही पुष्कळ केला आहे, आणि तो अगदीच अकारण नव्हता. परंतु एक साधे वाक्य घ्यावे : ही चाल पूर्वापार चालत आली म्हणून ती पाळली पाहिजे. त्याचे पृथक्करण करताच मुख्य विधान एका बाजूस जाते, कारण दुसऱ्या बाजूस, आणि ‘म्हणून’ हा शब्द मध्ये एकटा पडतो. त्या ‘म्हणून’ला एवढे ओझे पेलवते का, हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलालाही मग सुचू शकतो. व्याकरणाचा तास येथे संपतो आणि सुधारकाचा अंक सुरू होतो.

सुधारकातील निबंधांची ताकद याच ‘म्हणून’च्या तपासणीत आहे. स्त्रियांच्या जाकिटासारखा घरगुती विषय असो, प्रेतसंस्कार असोत की संमतिवयाचे बिल, प्रतिपक्षाचे कारण ते पुढे ठेवीत, ते कशावर उभे आहे ते पाहत आणि मग घाव घालीत. हा घाव पुष्कळदा गरजेपेक्षा जोराचा बसे. उपहास त्यांना आवरत नसे. शिवाय वाक्ये सुटी करून दाखवणाऱ्या या ग्रंथकाराची स्वतःची वाक्ये कधी कधी अर्धे पान व्यापीत. त्यांचे पृथक्करण करताना त्यांच्याच विद्यार्थ्यांना घाम फुटला असेल.

या लेखनाची किंमत त्यांनी रोकडी मोजली. सामाजिक मतभेदामुळे १८८७ मध्ये केसरी सुटला. डोंगरीत रात्र-रात्र वाद घालणारे दोन मित्र आता छापील कागदावर भांडू लागले, आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. पुण्यातील सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. यशोदाबाईंना आपल्या दारावरून ती जाताना पाहावी लागली. ज्या शहरातील पालक आपली मुले त्यांच्या संस्थेत पाठवीत, तेच शहर हे करीत होते. तरीही वर्ग चालू राहिले. फर्ग्युसन कॉलेजात ते इतिहास आणि तर्कशास्त्र शिकवीत. १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे वारल्यावर प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. दम्याने शरीर पोखरले होते. एक-एक लेख बसून पुरा करणे कठीण जाई.

१७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षे पुरी व्हायला महिनाभरही उरला नव्हता. आपल्या अंत्यसंस्काराच्या खर्चापुरते पैसे त्यांनी आधीच बाजूस बांधून ठेवले होते, असे सांगतात. केसरीतील मृत्युलेख टिळकांनी लिहिला.