न्यायमूर्ती दलीपसिंग सौंद

आपल्या देशात न्यायाधीशाची नेमणूक सरकारकडून होते. पण जगातील सर्व देशांत हीच रीत आहे असे नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत गावचा न्यायाधीशसुद्धा लोक मते देऊन निवडतात. ज्या देशाने कित्येक वर्षे भारतीयांना नागरिक मानण्यासही नकार दिला, त्याच देशातील एका लहानशा गावाने पुढे एका भारतीय शेतकऱ्याला आपला न्यायाधीश निवडले. त्या शेतकऱ्याचे नाव दलीपसिंग सौंद.

पंजाबातील अमृतसर जिल्ह्यात छज्जलवड्डी नावाचे खेडे आहे. तेथे २० सप्टेंबर १८९९ रोजी एका शीख कुटुंबात दलीपचा जन्म झाला. त्याच्या आईवडिलांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते. परंतु विद्येची किंमत त्यांना पुरेपूर ठाऊक होती. गावात शाळा नाही असे पाहून घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनी पुढाकार घेतला आणि एका खोलीची शाळा सुरू करविली. त्या खोलीत दलीपने पहिली अक्षरे गिरविली. पुढे जम्मूच्या महाविद्यालयात शिकून १९१९ साली तो गणित विषय घेऊन पदवीधर झाला. तो काळ मोठ्या खळबळीचा होता. गांधीजींच्या विचारांनी तरुणांची मने भारली होती, आणि दलीपही त्याला अपवाद नव्हता. अब्राहम लिंकनच्या चरित्रानेही त्याला वेड लावले होते. लिंकनची ही भूमी एकदा डोळ्यांनी पाहावी, फळे व अन्न टिकविण्याची विद्या तेथे शिकावी आणि दोनतीन वर्षांत परत यावे, असा बेत ठरवून १९२० साली त्याने घर सोडले.

कॅलिफोर्नियातील बर्कले येथील विद्यापीठात सौंद दाखल झाले. स्टॉकटनच्या शीख गुरुद्वाराने भारतीय विद्यार्थ्यांसाठी तेथे एक घर चालविले होते. त्यात राहून, सुट्टीत मजुरी करून त्यांनी अभ्यास केला. अन्न टिकविण्याच्या विद्येबरोबर गणिताची जुनी ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२२ साली ते गणितात एम. ए. झाले आणि १९२४ साली त्यांनी त्याच विषयात डॉक्टरेट मिळविली.

एवढी मोठी पदवी हाती आली, पण तिचा उपयोग कोठे करावयाचा? १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, कायद्याच्या दृष्टीने भारतीय माणूस गोरा ठरत नाही, म्हणून त्याला अमेरिकेचे नागरिक होता येणार नाही. कॅलिफोर्नियातील दुसऱ्या एका कायद्याने, ज्यांना नागरिक होता येत नाही अशांना शेतजमिनीची मालकीही नाकारली होती. गणिताच्या या पंडिताला शिक्षकाची जागा मिळण्याची आशा उरली नाही. तेव्हा त्यांनी पुस्तके बाजूला ठेवली आणि १९२५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोऱ्याची वाट धरली.

हे खोरे म्हणजे मूळचे वाळवंट. त्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे, आणि उन्हाळ्यात तेथे अंग भाजून निघते. परंतु कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्यांनी आणल्यामुळे ती भूमी पिकाऊ झाली होती. सौंद यांनी प्रथम कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या टोळीवर मुकादमी केली. मग वेस्टमोरलंड गावाजवळ ते स्वतः शेती करू लागले. जमीन स्वतःच्या नावावर होऊ शकत नव्हती, तरी घाम मात्र स्वतःचा होता. १९२८ साली मेरियन कोसा या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. १९२९ नंतर जगभर मंदीची लाट आली, शेतमालाचे भाव कोसळले आणि या कुटुंबालाही ओढगस्तीचे दिवस पाहावे लागले.

पण सौंद केवळ पोटापाण्याच्या विचारात गुंतून राहिले नाहीत. भारताची निंदा करणारे एक पुस्तक त्या काळी अमेरिकेत फार गाजत होते. त्याला उत्तर म्हणून त्यांनी १९३० साली स्वतः एक पुस्तक लिहिले. दिवसभर शेतात राबावे आणि सायंकाळी गावोगावच्या सभांतून भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडावी, असा त्यांचा क्रम होता. त्यामुळे खोऱ्यातील लोकांना त्यांची ओळख झाली आणि त्यांच्या सचोटीवर लोकांचा विश्वास बसला.

अन्यायकारक कायद्यापुढे माणसाला दोन वाटा असतात. एक तर मुकाट्याने सोसावे, नाही तर तो कायदा बदलेपर्यंत चिकाटीने झटावे. सौंद यांनी दुसरी वाट धरली. १९४२ साली भारतीयांनी स्थापन केलेल्या एका संस्थेचे ते अध्यक्ष झाले. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळावा यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खटपट केली. न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग हेही याच कामी झटत होते. अखेर २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि भारतीयांना अमेरिकेचे नागरिक होण्याचा मार्ग मोकळा झाला. १६ डिसेंबर १९४९ रोजी सौंद यांना नागरिकत्व मिळाले. त्या देशात पाऊल ठेवून तेव्हा त्यांना एकोणतीस वर्षे झाली होती.

पुढल्याच वर्षी, १९५० साली, वेस्टमोरलंडच्या न्यायाधीशपदासाठी ते उभे राहिले. लहान गावच्या या न्यायालयात किरकोळ गुन्हे आणि लहान रकमांचे दावे चालत. त्या काळी तेथील न्यायाधीश वकीलच असला पाहिजे असा नियम नव्हता. शहाणपण आणि लोकांचा विश्वास हेच मुख्य भांडवल. सौंद निवडून आले. परंतु निवडणुकीच्या वेळी त्यांच्या नागरिकत्वाला एक वर्ष पुरे झालेले नव्हते, या कारणास्तव त्यांना ते आसन नाकारण्यात आले. हातातोंडाशी आलेला घास गेला! दुसरा कोणी असता तर संतापला असता किंवा निराश होऊन घरी बसला असता. सौंद यांनी नियम मानला आणि पुढच्या निवडणुकीची वाट पाहिली.

१९५२ साली ते पुन्हा उभे राहिले. त्यांच्या परदेशी जन्माची थट्टा करणारेही काही होते. चार माणसांत एकाने त्यांना खवचटपणे विचारले की, तुम्ही निवडून आलात तर तुमच्या न्यायालयात येण्यासाठी आम्हांला पागोटी तुम्ही पुरविणार की आम्हीच विकत घ्यावयाची. सौंद रागावले नाहीत. माणसाच्या डोक्यावर काय आहे याची आपल्याला फिकीर नसून डोक्याच्या आत काय आहे तेवढेच आपण पाहतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. या वेळीही लोकांनी त्यांनाच कौल दिला, आणि १९५३ साली ते न्यायासनावर बसले.

वेस्टमोरलंडमध्ये तेव्हा जुगार, मादक पदार्थ आणि अनाचार यांचे बंड माजले होते. सौंद यांनी अशा धंद्यांविरुद्ध कडक धोरण ठेवले आणि गावाला लागलेली कीड दूर करण्याचा प्रयत्न केला. न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक वाढला.

त्या लौकिकाच्या बळावर १९५६ साली अमेरिकेच्या संसदेतील प्रतिनिधिगृहासाठी ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहिले. विरुद्ध बाजूला जॅकलिन कॉक्रन होत्या. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने विमान चालविणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची कीर्ती होती, आणि त्यांच्यापाशी पैशाचे बळही मोठे होते. त्या वर्षी अध्यक्षपदी रिपब्लिकन पक्षाचे आयझेनहॉवर मोठ्या बहुमताने निवडून आले. तरीही या मतदारसंघाने सौंद यांना विजयी केले. अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेले ते पहिले भारतीय आणि पहिले आशियाई होत. १९५७ साली परराष्ट्र व्यवहार समितीचे सदस्य म्हणून त्यांनी आशियाचा दौरा केला. दोनतीन वर्षांत परत येण्यासाठी निघालेला तरुण सदतीस वर्षांनी मायदेशी आला!

१९५८ व १९६० सालीही मतदारांनी त्यांना निवडून दिले. परंतु १९६२ साली अर्धांगवायूचा झटका येऊन ते अंथरुणास खिळले. त्यांना प्रचार करता आला नाही आणि त्या वर्षी त्यांचा पराभव झाला. २२ एप्रिल १९७३ रोजी त्यांनी इहलोक सोडला.

न्यायासनावर बसण्यापूर्वी सौंद यांनी स्वतः अन्याय भोगला होता. तरी त्यांनी मनात कडवटपणा ठेवला नाही. जो कायदा आड आला तो त्यांनी मोडला नाही, तर लोकांची मने वळवून तो बदलून घेतला. आणि अधिकार हाती आल्यावर तो लोकांच्या कल्याणासाठी वापरला. परक्या मुलखात त्यांना मिळालेले यश या धीराचे आणि सचोटीचे फळ होते.