डभोईचे सुपुत्र स्वामी कुवलयानंद





बोर्डाची परीक्षा जवळ आली की दरवर्षी आमच्याकडे एक मागणी येते : दहावीचा व्यायामाचा तास गणिताला द्यावा. पालकांची काळजी आम्हाला समजते. या वेळी त्या मागणीचे उत्तर आम्ही एका थोर पुरुषाच्या चरित्रातून देऊ इच्छितो. ते आपल्याच जिल्ह्यात जन्मले आणि पुढे एका महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोई येथे झाला. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. तरीही १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि ते बडोदा कॉलेजात शिकू लागले. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकराव यांच्या हाताखाली ते तयार झाले. माणिकराव व्यायामाचे आचार्य होते, तसेच निखळलेले हाड बसविण्यातही त्यांचा मोठा लौकिक होता. म्हणजे सकाळी आखाडा आणि दिवसा कॉलेज, दोन्ही एकाच विद्यार्थ्याने सांभाळले.

पुढे त्यांनी खानदेशात अमळनेर येथे अध्यापन केले आणि १९१६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर गावी परमहंस माधवदासजी महाराजांची भेट झाली आणि त्यांच्याकडे ते योग शिकले. गुरूंवर पूर्ण श्रद्धा होती, पण या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

येथे थोडे शरीरशास्त्र पाहू. मुलांनो, उजव्या हाताने डावा दंड धरा आणि डावा कोपर वाकवा. पुढचा स्नायू फुगतो, तो द्विशिर. आता टेबलावर तळहात टेकवून खाली दाबा. दंडाच्या मागचा स्नायू घट्ट होतो, तो त्रिशिर. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून वाकवायला एक आणि सरळ करायला दुसरा, अशी जोडी लागते. एक आखडत असताना दुसऱ्याने सैल व्हावे, अशी व्यवस्था मज्जारज्जूतच आहे. ती उलगडून दाखविणारे इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण सैल होणारा स्नायू रिकामा बसत नाही. चेंडू फेकताना शेवटी हाताला ब्रेक लावतो तो हाच. काठोकाठ भरलेला पेला नेताना तर दोघेही एकदम काम करतात. दिसायला विरोधक, पण काम एकच.

श्वासातही असेच घडते. आपण श्वास घेतो तेव्हा छाती व पोट यांमधला पडदा खाली सरकतो आणि पोटाचे स्नायू सैल होऊन त्याला वाट देतात. जोराने श्वास सोडताना पोटाचे स्नायू आखडतात आणि पडद्याला वर ढकलतात. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, हवा आत न घेता फासळ्या फुलवतात. पोट सैल असते, म्हणून ते आत खेचले जाते. नौलीत त्याच स्थितीत पोटाचे मधले उभे स्नायू तेवढे आखडतात, बाकीचे सैल राहतात. (मुलांनो, हे शिक्षकांशिवाय करून पाहू नका.)

१९२० च्या सुमारास गुणे यांनी बडोद्याच्या रुग्णालयात या क्रियांची एक्स-रेने तपासणी सुरू केली. पुढे नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे नाव दिले. ज्याला लोक चमत्कार समजत, त्यामागे स्नायूंचा ताबा आहे, हे सिद्ध झाले. आणि ताबा म्हणजे केवळ आखडणे नव्हे, योग्य वेळी सैल सोडणेही.

१९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक काढले. आता ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांनी आजन्म ब्रह्मचर्य पाळले आणि सारे आयुष्य याच कार्याला दिले. १८ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले. कैवल्यधाम आजही चालू आहे.

आता आमचे उत्तर. अभ्यास आणि व्यायाम ही अशीच एक जोडी आहे. तासन्‌तास वहीवर वाकलेल्या मुलाच्या पाठीचे स्नायू ताणलेलेच राहतात, मग पाठ दुखते आणि लक्षही लागत नाही. एक स्नायू सतत आखडलेला ठेवला तर हात हलणारच नाही, तो जागीच अडकेल. म्हणून दहावीचा व्यायामाचा तास व्यायामालाच राहील. गणितासाठी शाळा सुटल्यावर अर्धा तास जादा वर्ग आम्ही स्वतः घेऊ. पालकांनी मुलांना न्यायला तेवढे उशिरा यावे, ही नम्र विनंती.

आणि मुलांनो, डभोई बडोद्यापासून जेमतेम ३० किलोमीटरवर आहे. हिराभागोळ पाहायला जाल तेव्हा या मुलाचीही आठवण ठेवा.

आपले,
प्राचार्य