सावित्रीबाई आणि प्लेगचा रोगी

सावित्रीबाई फुले यांनी 1848 पासून पुण्यात मुलींना शिकवले, हे सर्वांना ठाऊकच आहे. (आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, ते ऋण निराळे.) मला सांगायचे आहे ते 1897 चे. पुण्यात प्लेग आला. डॉक्टर मुलगा यशवंत याने हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना काढला. पण तेथवर रोग्याला न्यायचे कोणी? मुंढव्याच्या एका आजारी मुलाला बाईंनी, वयाच्या 66 व्या वर्षी, पाठीवर घालून नेले.

आता अशा रोग्याला पारदर्शक बंद पेटीतून नेता येते. आतली हवा गाळूनच बाहेर पडते. बाईंच्या आणि त्या मुलाच्या मध्ये लुगड्याचा काय तो पडदा. पिसवा प्लेग पसरवतात, हे 1898 साली उमगले. बाई 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेल्या.

2020 साली वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात कोरोनाच्या रोग्याला न्यायला गाडी आली, तेव्हा मी खिडकी लावून घेतली होती.