पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२, केडगाव) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक व ख्रिस्ती सेविका होत्या. अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे वडील. दक्षिणेतील दुष्काळात १८७४ साली त्यांचे आईवडील दगावले. पुढे त्या व बंधू श्रीनिवास उपासमार सोसत देशभर पायी फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

१८८२ मध्ये पती बिपिनबिहारी यांचे निधन झाले, तेव्हा कन्या मनोरमा तान्ही होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. ते पुढे पुण्यास हलवले. धर्मांतराच्या शंकेने तेथील अनेक सुधारक दुरावले. तरी काम चालू राहिले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न व औषधोपचारांबरोबर अक्षरओळख, विणकाम, शेती व छपाईचे शिक्षण मिळाले. ज्या उपासमारीने रमाबाईंचे घर हिरावले, तिच्यातूनच त्यांनी इतरांसाठी घर उभारले. १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला. त्यानंतरही रमाबाई अखेरपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात मग्न होत्या. ते सदनातील स्त्रियांनीच छापले.