मिटल्या डोळ्यांचे सूर्यस्तोत्र

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या घरोघरी आणि चर्चच्या आवारात आज ख्रिस्तजन्माचा देखावा मांडलेला दिसेल. गवताने शाकारलेला गोठा, त्यात गुरे आणि गव्हाणीत निजलेला बाळ येशू. हा देखावा लोकप्रिय करण्याचे श्रेय परंपरेने ज्यांना दिले जाते, त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांचे स्मरण आजच्या मंगल दिनी करणे आम्हांस उचित वाटते. इटलीतील ग्रेच्चो या गावी १२२३ च्या नाताळच्या रात्री त्यांनी गव्हाण, गवत, जिवंत बैल आणि गाढव आणवून तो प्रसंग भाविकांच्या डोळ्यांपुढे उभा केला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे अंधार दाटला. त्या अंधारात त्यांनी जे केले, तेच त्यांच्या चरित्राचे सार होय.

फ्रान्सिस यांचा जन्म ११८१ च्या सुमारास असिसी येथे झाला. वडील पिएत्रो बर्नार्दोने हे कापडाचे सधन व्यापारी. तरुणपण चैनीत गेले. पुढे शेजारच्या पेरूजा नगराशी झालेल्या लढाईत ते कैद झाले. सुमारे वर्षभराचा बंदिवास आणि त्यामागून आलेले आजारपण यांनी मन अंतर्मुख झाले. पुत्र कुष्ठरोग्यांची सेवा करतो, घरचे द्रव्य दानधर्मात वेचतो, हे पित्यास रुचले नाही. १२०६ मध्ये बिशपांसमोर तंटा गेला, तेव्हा फ्रान्सिस यांनी अंगावरची वस्त्रेदेखील उतरवून पित्याच्या स्वाधीन केली आणि दारिद्र्याचा अंगीकार केला. त्यांच्याभोवती जमलेल्या भिक्षुसंघास १२०९ च्या सुमारास पोपची अनुमती मिळाली.

पुढील काळ सुखाचा गेला, असे नाही. १२१९ मध्ये धर्मयुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत ते इजिप्तला जाऊन सुलतान अल-कामिल यांना भेटले. परतले ते ढासळती प्रकृती घेऊनच. नेत्रविकारही त्याच प्रवासात जडला, असे मानले जाते. इकडे संघ वाढला होता. कडकडीत दारिद्र्याचे व्रत काहींना जड वाटू लागले होते. फ्रान्सिस यांनी संघाचे प्रमुखपद सोडले. पित्याचा दुरावा, शरीराची साथ सुटलेली आणि हयातीतच आपल्या ध्येयाला पडू लागलेली मुरड; देवापुढे गाऱ्हाणे मांडण्यास याहून सबळ कारण कोणते हवे?

आणि त्यांनी ते मांडलेही! १२२५ मध्ये असिसीजवळील सान दामियानो येथे एका झोपडीवजा खोलीत ते रुग्णशय्येवर होते. दिवसाचे ऊन सोसवत नव्हते, रात्रीचा दिवाही सोसवत नव्हता. उंदरांच्या उपद्रवाने झोप लागत नव्हती. एका रात्री त्यांना स्वतःचीच कीव आली आणि त्यांनी देवाचा धावा केला, असे त्यांच्या सहवासातील बंधूंच्या आठवणी सांगतात. त्या प्रार्थनेने व्याधी हटली नाही. अंतरी मात्र असे आश्वासन मिळाले की, हे दुःख वाया जात नाही. सकाळी उठून त्यांनी सोबत्यांना मनोगत सांगितले : ज्या सृष्टीवाचून माणसाचा एक दिवसही निभत नाही, तिच्याबद्दल तो कृतघ्न राहतो, म्हणून तिच्या निर्मात्याचे एक नवे स्तोत्र रचावयाचे.

ते स्तोत्र त्यांनी विद्वानांच्या लॅटिनमध्ये न रचता आपल्या प्रांताच्या लोकभाषेत रचले. इटालियन साहित्याच्या आरंभीच्या रचनांत त्याची गणना होते. सूर्य, चंद्र, तारे, वारा, पाणी, अग्नी, भूमी यांना भावंडे मानून त्यात देवाची स्तुती केली आहे. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्या सूर्याचा प्रकाश डोळ्यांना सोसवत नव्हता, त्याचे स्थान या स्तोत्रात पहिले आहे. ज्या अग्नीच्या उजेडाने वेदना होत, तोही बंधूच ठरला आहे. पुढे वैद्यांनी उपचार म्हणून कानापासून भुवईपर्यंत तापल्या लोखंडाने डागण्या दिल्या, तेव्हा सोबत्यांना ते पाहवेना व ते बाहेर निघून गेले. फ्रान्सिस यांनी त्या अग्नीलाही बंधू म्हणून सौम्य होण्याची विनवणी केली, असे सांगतात.

असिसीचे बिशप आणि नगराधिकारी यांच्यात वैर पेटले, तेव्हा क्षमा करणाऱ्यांविषयी एक कडवे त्यांनी स्तोत्रास जोडले आणि आपल्या बंधूंकरवी ते दोघांसमोर गाववले. वैर मिटले. अखेरीस मरण जवळ आल्याचे कळताच मृत्यूलाही त्यांनी भगिनी म्हणून त्या स्तोत्रात स्थान दिले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी, उघड्या भूमीवर देह ठेवून त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. १२२८ मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले.

आपण देवापुढे हात जोडतो तेव्हा बहुधा आधी गाऱ्हाणे ओठांवर येते. त्यात पाप नाही. फ्रान्सिस यांच्याही ओठांवर ते आले होते. परंतु ते रात्रीपुरते राहिले, सकाळी त्याचे स्तोत्र झाले. दुःख टळल्यावर आभार मानणे सोपे आहे. दुःख उशाशी असतानाही आपल्याला काय लाभले आहे, याची मोजदाद करणे ही साधना होय. आजच्या सणाच्या दिवशी एवढी साधना कोणत्याही देवघरापुढे बसून करता येईल, असे आम्हांस वाटते.