सावित्रीबाई फुले यांची लेखणी

सावित्रीबाई फुले यांचे नाव उच्चारताच १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा डोळ्यांसमोर उभी राहते. अंगावर शेणमाती झेलीत शाळेची वाट चालणारी शिक्षिका मराठी मनात घर करून राहिली आहे. परंतु या शिक्षिकेच्या हाती स्वतःची लेखणीही होती, याचा समाजाला दीर्घकाळ विसर पडला.

सातारा जिल्ह्यातील नायगावी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकविले. आणि १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. जाई, चाफा, गुलाब यांवरील कविता आणि शूद्रातिशूद्रांना विद्येची हाक देणाऱ्या रचना त्यात शेजारी शेजारी नांदतात. खेड्यातील शेतीवाडीत वाढलेल्या या कवयित्रीने सृष्टी आणि समाज यांच्यात भिंत घातली नाही. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. लेखणी शिष्येच्याही हाती आली होती.

या लेखणीची खरी कसोटी दुष्काळात लागली. १८७६-७७ च्या भीषण अवर्षणात सत्यशोधक समाजाच्या कार्यासाठी सावित्रीबाई जुन्नर भागात फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात करपलेली भूमी, निष्पर्ण झाडे, तडफडणारी जनावरे आणि गाव सोडून निघालेली माणसे यांचे चित्र आहे. मात्र पावसाला बोल लावून त्या थांबल्या नाहीत. अडलेल्यांना नाडणाऱ्या सावकारांकडेही त्यांनी बोट दाखविले. साहाय्य करणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली, तेव्हा त्या स्वतः कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांची सुटका करविली. दुष्काळ आभाळातून आला, तरी उपासमारीला माणसाचा लोभही कारण होतो, हे जाणणारी ही दृष्टी होती.

१८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे हाती धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. त्यानंतर ‘बावनकशी सुबोधरत्नाकर’ या काव्यातून त्यांनी पतीच्या कार्याचे स्मरण जागविले. १८९७ च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी यशवंतरावांचा दवाखाना गाठला. त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांना गाठले.

त्यांचे विखुरलेले लेखन एकत्र येण्यास मात्र नऊ दशके जावी लागली. निपाणीच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीचे डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रकाशित केले. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठालाही त्यांचे नाव लाभले. नावाचा गौरव झाला, हे योग्यच झाले; परंतु ज्या बाईने अक्षरासाठी शेणमाती झेलली, तिचे खरे स्मरण तिचे पुस्तक ग्रंथालयातून घरी नेऊन वाचण्यात आहे.